चूल घरी ठेवा, चला हिंडायला!

मार्गशीर्ष लागला की आमच्या धाराशिवकडचं शिवार बघत राहावंसं वाटतं. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, तुरीला शेंगा लगडलेल्या असतात, हरभऱ्यावर हात फिरवला तर बोटांना आंबट खार लागतो. सकाळी सडा टाकताना हात आखडतात आणि दहाच्या उन्हात मात्र गोधडी टाकून बसावंसं वाटतं.

याच दिवसांत भोरड्यांचे थवे येतात. गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची ही पाखरं. पुस्तकात त्यांना पळसमैना म्हणतात. मध्य आशिया, पूर्व युरोप अशा लांबच्या मुलखांतून ती थंडीच्या मुक्कामाला आपल्याकडे येतात आणि कोवळ्या कणसांवर ताव मारतात. राखणीला बसलेल्या माणसाच्या गोफणीला उसंत नसते. अमेरिका-कॅनडातली म्हातारी जोडपीही असंच करतात म्हणे! बर्फ पडायला लागला की चाकावरचं घर घेऊन उबदार दक्षिणेकडे निघायचं आणि थंडी सरली की परतायचं. तिकडे अशा माणसांना 'स्नोबर्ड' म्हणतात, म्हणजे बर्फ चुकवणारी पाखरंच.

गेल्या हिवाळ्यात असंच एक जोडपं दीड महिना आमच्या शेतात मुक्कामाला होतं. माझ्या मोठ्या वन्सं, ज्यांना घरात लहानथोर सगळे अक्का म्हणतात, आणि त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे दाजी.

चाकावरचं घर

दाजी पुण्याला नोकरीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या एका मित्राने मिळून एक जुनी मिनीबस घेतली आणि रीतसर परवानगी काढून आतून तिचं घर करून घेतलं. दोन बाजूंना झोपायच्या फळ्या, त्याखाली सामानाचे कप्पे, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रीज, टपावर पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात दार लावून घेता येईल असं इवलंसं न्हाणीघर-संडास. आपल्या राज्य सरकारने २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी कॅरव्हॅन धोरण आणलं, तेव्हापासून दाजींच्या डोक्यात हे खूळ होतं. बोअरजवळच्या लिंबाखाली गाडी उभी राहिली. मग काय, दोन दिवस वस्तीवरची पोरं, गडीमाणसं, आमच्या गल्लीतल्या बायका, सगळ्यांनी फेरी मारून ती बघून घेतली. "बया, भांडी घासायला मोरीबी हाय की!" हे सगळ्यांत जास्त ऐकू आलेलं वाक्य.

नवल वाटलं नाही ते एका माणसाला. आमच्या सासूबाईंना. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गाडीत चढून, ओट्यावरून हात फिरवून, खाली उतरून म्हणाल्या, "आमचं काय येगळं हुतं? गाडीला तट्ट्या बांधायच्या, खाली कडबा अन् त्याच्यावर वाकळ. पीठ-मीठ, तवा, परात घ्यायची अन् निघायचं खंडोबाला. रातीला जिथं बैलं सुटली तिथं तीन दगडं मांडली की झालं घर."

खरंच आहे ते. तुळजापूर असो, येरमाळ्याची येडाई असो की नळदुर्गचा खंडोबा, आपल्या आज्या-पणज्या घर गाडीत घालूनच जात होत्या. सासूबाईंचं माहेर नळदुर्गपासून चार कोसांवर. त्यांच्या लहानपणी पौष पौर्णिमेच्या यात्रेला दरवर्षी गाड्या जुंपल्या जात. नळदुर्गच्या या खंडोबाची गंमत माहीत आहे ना? देव एक आणि देवळं दोन. मूर्ती वर्षातला बराच काळ जवळच्या अणदूरला असते आणि थंडीतले काही आठवडे नळदुर्गला. म्हणजे देवसुद्धा हिवाळ्याला मुक्काम हलवतो!

येळवस : सगळ्यांचा सण, बाईची रात्र

अक्का आल्या त्याच वेळ अमावास्येला धरून. आम्ही तिला येळवस म्हणतो. मार्गशीर्षातली ही अमावास्या लातूर-धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडे बीदर-कलबुर्गीकडे मोठ्या उत्साहाने करतात. त्या दिवशी गाव ओस आणि शिवार गजबजलेलं. शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, तेच पाच पांडव. त्यांची पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग पंगत. वाटेने जाणारा अनोळखी माणूससुद्धा जेवल्याशिवाय पुढे जात नाही. ज्याला शेत नाही त्यालाही त्या दिवशी दहा शेतांतून बोलावणं असतं. संध्याकाळी हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवायचा आणि मग घराकडे निघायचं.

मला हा सण दिवाळीपेक्षा जास्त आवडतो. पण जेवणाचा बेत काय असतो ते बघा. भज्जी, म्हणजे तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे कोवळे दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगी, शिवारात असेल ती भाजी, सगळं एकत्र शिजवून ताकातलं बेसन लावायचं. ताक आणि ज्वारीच्या पिठाची, लसूण-जिऱ्याची आंबील. बाजरीच्या भाकरी, उंडे, गव्हाची खीर, शेंगांच्या पोळ्या, वांग्याचं भरीत. दाणे सोलण्यातच आदले दोन दिवस जातात. आणि अमावास्येला पहाटे तीनला चुली पेटतात, कारण दहाच्या आत सगळं शेतात पोहोचायला हवं. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन घरधनी मोठ्या ऐटीत पुढे चालतो, हे खरं. पण ते मडकं भरणारी मागून टोपली घेऊन चालत असते, आणि तिच्या डोळ्यांवर रात्रभरची झोप असते.

त्या दिवशी पंगत उठल्यावर मी अक्कांना म्हटलं, "अक्का, आता पडा थोडं गाडीत." तर अक्का हसल्या. म्हणाल्या, "अगं, गाडी घेतली तेव्हा सगळे म्हणाले, आता तुझी मजा आहे. कोकण झालं, गोवा झालं. दाजी समुद्र बघतात आणि मी खिडकीतून बघते, कुकरची शिट्टी मोजत. पूर्वी फिरायला गेलं की निदान हॉटेलात जेवायला तरी मिळायचं. आता ओटाच सोबत असतो ना!"

मैत्रिणींनो, हे ऐकून हसू आलं, आणि मग हसू येईना. घर चाकावर गेलं तरी त्यातला ओटा आपल्याच वाट्याला येतो.

नळदुर्गातली दुपार

येळवस झाल्यावर तीन-चार दिवसांनी आम्ही नळदुर्गला निघालो. दाजी, माझे यजमान, दाजींचे मित्र, अक्का, मी आणि सासूबाई. सासूबाई यायला तयार झाल्या हेच मोठं. गेली आठ-दहा वर्षं त्या दवाखाना आणि लग्नकार्य सोडून कुठे येत नाहीत. विचारलं की म्हणतात, "मला नाही हौस." पण खरं कारण घरातल्या बायकांना माहीत आहे. गुडघे वाकत नाहीत, तासा-दोन तासाला जावं लागतं आणि वाटेत कुठे धड सोय नसते. म्हणून प्रवासाला निघायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद! या गाडीच्या मागच्या कोपऱ्यातली ती इवलीशी खोली बघितली आणि त्या म्हणाल्या, "येते मी."

किती बायकांची 'हौस नाही' अशी असते, याचा विचार करावासा वाटतो. पाणी न पिणं, तासन्‌तास तुंबवून ठेवणं यातून लघवीच्या मार्गाचा संसर्ग होतो, हे डॉक्टर सांगून थकले. तरीही आपण तेच करतो, कारण लाज आणि गैरसोय दोन्ही आपल्याच पदरात.

नळदुर्गचा किल्ला पुणे-हैदराबाद महामार्गावर, बोरी नदीच्या काठी. याची खरी नवलाई म्हणजे पाणीमहाल. नदीवर बंधारा घालून दोन बाजूंचे किल्ले जोडले आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातलं, १६१३ सालचं हे काम. पावसाळ्यात बोरी भरून वाहते तेव्हा बंधाऱ्यावरून दोन धबधबे कोसळतात. नर आणि मादी अशी त्यांची नावं. तेव्हा महालात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा आणि आपण आत कोरडे! हिवाळ्यात ते धबधबे नसतात, पण गर्दीही नसते, आणि उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या उन्हाने जीव न जाता चढता येतात. १८५० च्या दशकात या भागाचा कारभार मेडोज टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे होता आणि त्याचा मुक्काम या नळदुर्गातच असे. पुढे त्याने 'तारा' ही कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरची मुलगी आहे.

हे सगळं मला आता माहीत आहे. त्या दिवशी मात्र काय झालं, की गाडी थांबली, पुरुष मंडळी कॅमेरे घेऊन उतरली आणि जाता जाता दाजी म्हणाले, "अर्ध्या तासात येतो. तोवर चहा आणि थोडं पिठलं-भाकरीचं बघा. म्हणजे जेवून निवांत निघता येईल." अक्कांनी सवयीने गॅस पेटवला. मी परात घेतली.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर तटाकडे बघत, कुणाशी तरी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "त्याबी येळी असंच. यात्रेला यायचो. गडी मान्सं किल्ला बघायला जायची अन् आम्ही गाडीपाशी चुलीवर. आई म्हनायची, पुढल्या साली जाऊ गं. मग लगीन झालं. येष्टीतून माहेराला जाताना दरसाली ह्या भिंती दिसायच्या. आत काय हाय ते काय कळालं न्हाई."

गाडीत कुणी काही बोललं नाही. मग अक्कांनी हात लांब करून गॅस बंद केला.

"ऊठ गं वहिनी. आई, काठी घ्या."

सासूबाईंना हळूहळू चालवत, चार ठिकाणी बसवत, आम्ही आत गेलो. पाणीमहालाच्या पायऱ्या काही त्यांना उतरवेनात. त्या बंधाऱ्यावर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. एका बाजूला साठलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल पात्र. आम्ही दोघी खाली जाऊन आलो आणि त्यांना सांगितलं, आत अशा कमानी आहेत, अशी खिडकी आहे, असा गारवा आहे. त्या लहान मुलीसारख्या विचारत होत्या, "अन् मग? अन् पानी आत न्हाई येत?" पाऊण तास तिथून हलल्या नाहीत.

वाटेत पुरुष मंडळी भेटली. दाजींनी विचारलं, "जेवणाचं?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "महामार्गावर तीन भोजनालयं बघितलीत येताना. तुम्ही कुठलं ते ठरवा." भांडण नाही, टोमणा नाही. दाजी क्षणभर बघत राहिले, मग म्हणाले, "बरं, शेंगाचटणी चांगली असेल तिथं जाऊ." झालं!

आईसुद्धा निजते

परतताना तुळजापूर वाटेवरच. पौषाचे पहिले दिवस होते. आपल्या आईची एक रीत फार सुंदर आहे, पण तिच्याकडे आपण कधी नीट बघत नाही. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. हीच मंचकी निद्रा. महिषासुराशी नऊ दिवस लढून देवी थकली, म्हणून तिला श्रमनिद्रा!

म्हणजे काम मोठं, तशी विश्रांतीही मोठी, हे आपल्या पूर्वजांना पटलेलं होतं. देवीने किती दिवस निजायचं तेही पंचांगात पक्कं ठरलेलं, आणि तेवढे दिवस तिला कुणी उठवत नाही. मग घरोघरच्या लक्ष्म्यांची श्रमनिद्रा कुठल्या पंचांगात आहे? दिवाळीचा फराळ, येळवसची भज्जी, भोगीची भाजी, संक्रांतीचे तिळगूळ, हळदीकुंकू... हिवाळा म्हणजे सणांची रांग, आणि प्रत्येक सणाच्या दुसऱ्या दिवशी भांड्यांची रास.

पलंगावरच्या आईचं दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा अक्का एवढंच म्हणाल्या, "वहिनी, आता उरलेला महिना आपण आपला ठरवू."

हुरडा, भाजणारे आणि खाणारे

ठरवलं ते असं. आठवड्यातून एक दिवस बाहेर. त्या दिवशी घरातला किंवा गाडीतला गॅस पेटवायचा नाही. पुरुष आले तर आनंद, नाही आले तर त्यांनी घरी आपली सोय बघायची.

पहिला मान हुरड्याचा. ज्वारीचं कणीस दुधातून चिकात आलं की हुरडा धरतो. गुळभेंडी किंवा सुरती ज्वारी असेल तर उत्तमच. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसं खुपसायची आणि भाजली की तळहातावर चोळून गरम दाणे काढायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं, ऊस, ओला हरभरा. एक गोष्ट लक्षात आली का? आपल्याकडे हुरडा ही अशी पंगत आहे, जिथे आगटीशी बहुतेक गडीमाणूस बसतो. धूर त्याच्या डोळ्यांत जातो, हात त्याचे पोळतात आणि आपण गोल करून बसून खातो. म्हणजे पुरुषांना येत नाही असं काही नाही हो! उघड्यावर आलं की सगळं येतं.

आम्ही चटणी आदल्या दिवशी विकत आणली. हो, विकत! सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, चव घेतली आणि "मीठ कमी हाय" म्हणत सगळ्यांत जास्त त्यांनीच खाल्ली. दुपारी तिघीही उन्हात वाकळ टाकून आडव्या झालो. अक्का म्हणाल्या, हातात काही काम नसताना दिवसाउजेडी आडवं पडायची पहिल्यांदाच वेळ आली असेल. त्या बासष्ट वर्षांच्या आहेत.

तेरची बाहुली

शेवटची सहल तेरची. आमच्या भिशीतल्या अकरा जणी, अक्का आणि सासूबाई. दाजींच्या गाडीत एवढ्या मावणार कशा? म्हणून सरळ एसटी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास. सासूबाईंनी कंडक्टरला ओळखपत्र असं काही दाखवलं, की जणू आमदारच!

पण गाडीतली ती सोयीची खोली या वेळी नव्हती. तो प्रश्न भिशीतल्या एकीने चुटकीसरशी सोडवला. "माझं माहेर तेरचंच की! भावजयीला सांगून ठेवते." खरंच, बायकांना सोयीचा नकाशा वेगळा लागतो, आणि तो माहेरांचा असतो. कुठल्याही गावाचं नाव घ्या, दहा जणींत एकीचं कुणीतरी तिथे निघतंच. आम्ही उतरल्याबरोबर आधी तिच्या घरी गेलो, हातपाय धुतले, पोटभर पाणी प्यालो आणि मग निश्चिंत मनाने फिरलो. भावजयीला स्वयंपाक करू दिला नाही. तिलाच सोबत घेतलं.

तेर म्हणजे पूर्वीचं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणसोबत या गावाचं नाव आहे. इथलं कापड, मलमल गाड्यांत भरून थेट भडोच बंदराला जायचं आणि तिथून जहाजाने रोमकडे. संत गोरोबाकाकांचं गाव हेच. तेरणेकाठी त्यांची समाधी आहे. विटांचं त्रिविक्रम मंदिर बघताना मागची बाजू गोल का, असा प्रश्न पडतो. ती मुळातली बौद्ध चैत्याची घडण, असं अभ्यासक मानतात.

आम्ही सगळ्यांत जास्त रमलो रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात. सातवाहन काळातले मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या. बायका लगेच आपापल्या हातातल्या बांगड्यांशी नक्षी ताडून बघायला लागल्या! आणि तिथली हस्तिदंताची बाहुली. वीतभरही नाही, पण केसांची बांधणी, कमरेचे अलंकार किती नाजूक! अशाच घडणीची एक भारतीय बाहुली १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई या ज्वालामुखीने गाडलेल्या शहरात सापडली. ही बाहुली म्हणजे आरशाची मूठ असावी, असं जाणकार सांगतात.

हे ऐकून आमच्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे बघा, दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या एका बाईला आरशात बघायला वेळ होता!" सगळ्या हसलो. परतीच्या एसटीत मात्र प्रत्येक जण ठरवत होती, पुढच्या महिन्यात कुठे?

तुम्हीही निघा

यासाठी चाकावरचं घर लागत नाही, आणि फार पैसेही लागत नाहीत. आम्हाला उपयोगी पडलेल्या चार गोष्टी सांगते.

• दिवस आधी जाहीर करा. 'जमलं तर जाऊ' म्हटलं की कधीच जमत नाही. कॅलेंडरवर गोल करा आणि घरच्यांना आठ दिवस आधी सांगा, त्या दिवशी चूल बंद.

• डबे बांधून नेऊ नका. पहाटे चारला उठून दहा जणींचा स्वयंपाक करून गेलात, तर ती सहल कसली? चिवडा, शेंगदाणे, फळं पुरतात. जेवण भोजनालयात.

• सोय आधी बघा. जिथे जायचं त्या गावात कुणाचं माहेर, कुणाची बहीण आहे का ते विचारा. थांबायची ठिकाणं त्यावरून ठरवा. आणि पाणी प्या!

• म्हाताऱ्या बायकांना 'तुम्हाला हौस नाही' म्हणून घरी ठेवू नका. हौस नाही की सोय नाही, ते एकदा विचारा.

• ठिकाणांना तोटा नाही. धाराशिव शहराजवळची लेणी पोराबाळांना घेऊन अर्ध्या दिवसात होतात. तिथला मोठा सभामंडप आणि पार्श्वनाथांची मूर्ती चुकवू नका. येडशीचं रामलिंग दरीत आहे, झाडी दाट. माकडांपासून पिशव्या सांभाळा. भूम-कुंथलगिरीकडे गेलात तर दर्शनासोबत खव्याचे पेढे आलेच. संग्रहालयाचा सुट्टीचा वार मात्र निघण्याआधी विचारून घ्या.

• हुरडा माघापर्यंतच. नंतर कणीस टणक होतं आणि मग वर्षभर वाट बघावी लागते.

अक्का-दाजी जानेवारी संपता संपता पुण्याला परतले. जाताना गाडीतल्या दोन शेगड्यांपैकी एक दाजींनी काढून ठेवली. म्हणाले, जागा वाचते. चहा आता ते स्वतः करतात. भाकरी अजून येत नाही, पण भोजनालयं त्यांनाच शोधावी लागतात.

सासूबाईंनी पुढच्या हिवाळ्याचं आत्ताच सांगून ठेवलंय. परंड्याचा किल्ला. विजापूरची ती प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये तिकडे नेईपर्यंत या परंड्यातच होती, हे त्यांना नातवाने सांगितलं. तेव्हापासून विचारतात, "एवढी मोठी तोफ नेली कशी असंल गं? बघून येऊ." गुडघ्याला तेल लावणं त्यांनी रोजचं सुरू केलंय.